पट १७, हजर १५

गणपती होऊन आठवडा झाला होता, तरी पाऊस काही जायचं नाव घेत नव्हता. राजूरहून भंडारदऱ्याकडे निघालेल्या जीपमध्ये मी मागच्या बाकावर बसलो होतो. मांडीवर सॅक, सॅकवर कुणाची तरी मेथीची पिशवी.

"रतनगडला का?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं. सॅक दिसली की इकडे हाच प्रश्न येतो.

"नाही, शाळेत. वाडीवरच्या."

गाडीतल्या गप्पा थांबल्या. शेजारचे बाबा जरा सावरून बसले. "तपासणीला का साहेब?"

मी नाही म्हणालो. तिथला गुरुजी माझा होस्टेलवरचा मित्र आहे, दोन दिवस राहायला चाललोय, असंही सांगितलं. पण जो नाही म्हणतो तोच खरा साहेब, अशी या भागातली समजूत असावी. शेंडीला जीप थांबली तेव्हा ड्रायव्हर बाजूला जाऊन हळू आवाजात फोनवर बोलत होता. वाडीत एरवी फोन लागत नाही. त्या दिवशी नेमका तो टेकाडावर गुरं राखणाऱ्या एका पोराला लागला, आणि त्यानं तिथूनच शाळेकडे हाळी दिली. मी पोचलो तेव्हा अंगण झाडलेलं, पोरांच्या केसांना पाणी लावून भांग पाडलेले आणि मित्र शर्ट खोचून फाटकात उभा.

"तू होय!" तो म्हणाला. "बाईंनी तीनदा झाडून घेतलं रे!"

वाडीचं नाव लिहीत नाही. एकीकडे कळसूबाईचं १,६४६ मीटर उंचीचं टोक, दुसरीकडे रतनगडाचा खुटा, आणि मध्ये १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी, एवढ्यावर अंदाज बांधा. सगळी वस्ती महादेव कोळ्यांची, थोडी घरं ठाकरांची. भाताची खाचरं पोटरीला आलेली, वरच्या उतारावर नागली, आणि जिथं काहीच पेरलेलं नाही तिथं सोनकीचा पिवळा पसारा. मित्राची इथली नेमणूक चार वर्षांपूर्वीची. बदल्यांच्या कागदावर या गावाला 'अवघड क्षेत्र' म्हणतात. सरकारी भाषेत इतका प्रामाणिक शब्द क्वचितच सापडतो.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, बाजूला स्वयंपाकाची खोली आणि पलीकडे अंगणवाडी. पडवीत शिरताना डाव्या हाताला एक छोटा फळा. त्यावर मुलगे ८, मुली ९, पट १७ आणि खाली हजर. हा आकडा रोज चौथीतली एक मुलगी लिहिते. त्या दिवशी तिनं १५ लिहिलं. एकाला ताप होता, एक आईबरोबर आजोळी गेलेली ती परतलीच नव्हती. फळ्यापाशी उभं राहूनच तिनं हिशेब केला, "पंधरा गुणिले शंभर, दीड किलो. डाळ तीनशे ग्रॅम," आणि स्वयंपाकाच्या खोलीकडे तोंड करून तो ओरडून सांगितला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. शंभरानं गुणायला या शाळेत कुणाला शिकवावं लागत नसणार.

मावशींनी डब्यानं तांदूळ मोजून घेतले. "काट्यावर नाही मोजत?" मी विचारलं. "काटा हाय की. पण त्याचा सेल उतारतो. डबा उतारत न्हाई." मावशींना मानधन महिन्याला २,५०० रुपये. एवढ्यात त्या तांदूळ निवडतात, चूल पेटवतात, भांडी घासतात आणि पहिलीतल्या दोघांची नाकंही पुसतात.

परिपाठ सुरू झाला. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका. मग बातम्या. बातम्या मुलांनी आपल्याच आणायच्या असा नियम आहे. ओढ्याला काल गुडघाभर पाणी होतं. एकाच्या घरी म्हैस व्याली, रेडा झाला. आणि तिसरी बातमी, माझ्याकडे बघत, "आज शाळेत साहेब आले."

पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी मित्राकडे. आधी मी बाईंच्या खोलीत मागे जाऊन बसलो. एका मुलाला बाईंनी 'एकोणतीस' लिहायला सांगितलं. त्यानं ३९ लिहिलं. चूक आहे, पण वेड्यासारखी नाही. कानावर 'तीस' पडलं, म्हणून तीन आधी. एक सुटा काहीतरी आहे हेही त्यानं ऐकलेलं, पण नऊ आलं की एकोण येतं एवढंच त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कारवीच्या काड्या काढल्या, दहा-दहाचे गठ्ठे, सायकलच्या ट्यूबचे रबर लावलेले. तीन गठ्ठे पुढ्यात ठेवले. मग एका गठ्ठ्यातली एक काडी उपसून मागे लपवली.

"तीसला एक ऊन. ऊन म्हणजे कमी. एक-ऊन-तीस."

मुलगा गठ्ठ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, मंग काढायची कशाला एक? ऱ्हाऊ द्या ना तीस."

बाईंना हसू आवरेना. मला मात्र २०१९ आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात तेवीसला 'वीस तीन' म्हणण्याची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जुनी पद्धत काढलेली नव्हती, नवी तिच्या जोडीला दिली होती. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर हेच परोपरीनं सांगत होत्या, पण ऐकायला कुणाला वेळ होता? व्हॉट्सअॅपवर आलेले सगळे विनोद मीही पुढे ढकलले होते. आपल्या भाषेत तेवीस बोलताना तीन आधी येतो आणि लिहिताना दोन आधी लागतो. पुलाखालून एवढं पाणी गेल्यावर आपल्याला तो पूल दिसतच नाही. सहा-सात वर्षांच्या पोराला मात्र तो रोज ओलांडावा लागतो. त्या पोराशेजारी बसून मी जरा ओशाळलो.

खिचडी वाढण्याआधी चाखायची असते आणि तशी वहीत नोंद करायची असते. एक शिक्षक आणि जमलं तर एखादा पालक. त्या दिवशी चमचा माझ्या हातात आला. शाळेच्या कुंपणावरचा दोडका तिच्यात होता, तिखट बेताचं. मी 'चव चांगली' लिहून सही केली. पडवीत टेकलेल्या एका आजोबांनी शेजारच्याला कोपरखळी मारली, "बघ, झाली सायबाची सही." मी नाद सोडला.

जेवणानंतर खो-खो. एका संघात नऊ, म्हणजे दोन्ही संघांना अठरा लागतात. पट सतरा. एरवी अठराव्या मावशी. पण त्या दिवशी हजर पंधरा, म्हणून मावशी, मित्र आणि मी. पाटीवर उकिडवं बसून पाठीत खो मिळाल्यावर मी उठेपर्यंत पळणारी दुसरीतली मुलगी खांबाला वळसा घालून माझ्याच मागे उभी होती. माझ्या संघानं मला पुन्हा खो दिला नाही.

दोनच्या सुमाराला पाऊस आला आणि पत्र्यावर असा वाजायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. जुलैत हे तासन् तास चालतं, मित्र म्हणतो. घाटघरला उगाच नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणत नाहीत, आणि ते इथून काही फार लांब नाही. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला. चेरापुंजीचा जुना दाखला तेवढा तोंडात राहिलाय.) अशा वेळी काय शिकवणार? त्यानं खुंटीवरची पिशवी काढली. आत जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या चिठ्ठ्या. पत्र्याचा आवाज सुरू झाला की 'मुकी शाळा' सुरू. एकेकानं चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची आणि लिहिलंय ते करून दाखवायचं. बाकीच्यांनी चिठ्ठीत काय असेल ते पाटीवर लिहायचं.

एक मुलगी दारापर्यंत गेली, दोन उड्या मारल्या, परत आली. सगळ्यांच्या पाट्या बरोबर. एकानं कोपऱ्यात जाऊन पोत्यातून काहीतरी काढल्यासारखं केलं, जात्यात टाकलं आणि दळायला लागला. चिठ्ठीत होतं, 'नाचणी दळ.' पाट्यांवर आलं, 'नागली दळ.' मित्रानं सगळ्यांना बरोबरची खूण दिली. मग एक मुलगा चिठ्ठी वाचून थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओठ हलले, आवाज पावसात गेला. मी कानाला हात लावला. त्यानं थोडा विचार केला आणि पाटीवर लिहिलं, 'तुमचे नाव काय.' प्रश्नचिन्ह राहिलं होतं, ते बोटानं पुसून जागा करून मागून दिलं. मी खाली माझं नाव लिहिलं. त्यानं ते अक्षर लावून वाचलं, खालीवर बघितलं, आणि पाटी उंच धरून वर्गाला दाखवली. नावाच्या पुढे त्यानं स्वतःच 'साहेब' जोडलं होतं.

शाळा सुटल्यावर मित्र मला टेकाडावरच्या 'टॉवरच्या दगडा'वर घेऊन गेला. तिथं दोन कांड्या रेंज येते. रोजच्या खिचडीचा आकडा, आलेल्या लिंका, मागवलेले फोटो, सगळं तिथून. एक फोटो वर चढायला सात मिनिटं लागली. "यापेक्षा पायी चालत नेऊन दिला असता," तो म्हणाला, पण त्रासून नाही. खाली धरणाचं पाणी शिशासारखं दिसत होतं. हेच पाणी प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूरकडचा ऊस भिजवतं. आणि इथल्या मुलांचे आईबाप दिवाळीनंतर भात झोडून झाला की नारायणगावच्या बाजूला भाजीच्या मळ्यांत मजुरीला जातात. तेव्हा हजरचा आकडा खाली येतो. ज्यांच्या घरी आजी आहे ती मुलं राहतात. आजी हा इथल्या हजेरीचा मोठा आधार आहे, असं मला मित्राच्या वह्या चाळताना वाटलं.

संध्याकाळी पडवीत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. कायद्यानं तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बाया. इथं बाया निम्म्याहून जास्त होत्या, आणि बोलतही त्याच होत्या. विषय होता गळका पत्रा. दहा मिनिटांत गाडी पटावर आली. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या घरात निघाल्या होत्या. तेव्हापासून वीस हा आकडा वाडीतल्या म्हातारीलाही पाठ आहे.

"गाडी देऊ म्हणत्यात पोरास्नी," एकजण म्हणाला.

"जुलैत जीप तरी येती का वर?" दुसरी बाई. "मधी दोन ओढं. पहिलीतलं लेकरू कमरंएवढं न्हाई." मग जरा थांबून, "आन् शाळा गेली की नर्सबाई लस द्यायला कुठं बसल? मताची पेटी कुठं ठिवतील? लग्नाचं पाव्हणं कुठं निजतील?"

यातलं शेवटचं शासन निर्णयात बसणारं नाही, पण त्यावरच सगळ्यांनी माना डोलावल्या. मला दुसरी बाजूही दिसत होती. दुसरीच्या वर्गात तीन मुलं, हुशार मुलाला तोडीस तोड कुणी नाही, खो-खोला मावशी. मोठी शाळा त्याला काही देईल हे खोटं नाही. पण कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असं जे म्हटलंय, ते मांडणाऱ्यानं कधीतरी असा ओढा बघितला असावा.

शनिवारी सकाळची शाळा, दप्तराशिवाय. मुलं मला उतारावर घेऊन गेली आणि कुठली भाजी कधी खायची ते सांगत सुटली. कुर्डू पावसाच्या तोंडाला कोवळी असताना, चाईचा मोहोर त्यानंतर. सोनकी कुणी खात नाही. मी अकरा नावं वहीत लिहिली, त्यातली तीन मला ऐकूनही नीट लिहिता आली नाहीत, आणि फळ्यावर आकडा लिहिणाऱ्या चौथीतल्या त्या मुलीनं माझं शुद्धलेखन तपासलं. बियाण्यांसाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. हे मी मित्राला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "हळू बोल. पोरं ऐकतील, सोमवारी आठच येतील."

परतीला तोच ड्रायव्हर.

"काय साहेब, शेरा काय मारला?"

"चव चांगली."

तो हसला. मग गंभीर झाला. "औंदा चौथीतली चार जातील आश्रमशाळेला. ऱ्हायली तेरा." एक हात स्टिअरिंगवरून सुटला आणि तो बोटं मोजायला लागला. "माझी नात हाय. तिला डिसेंबरात सहा पुरी व्हत्यात, गुरुजी म्हणलं बसतंय. चौदा. वरच्या घरची जुळी, सोळा. धाकट्या भावाची पोरगी नाशकाहून माघारी येतीया म्हणं, तिच्यासंगं दोन..."

"मामा, वळण," मागून कुणीतरी म्हणालं.