चौघडी म्हणजे किती पदर?

अण्णांच्या रात्रीच्या सोबतीला एप्रिलपासून एक मावशी येतात. भोरकडच्या आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पहाटे चारला उठवलं. "ताई, आजोबा कायतरी मागत्यात, मला समजंना."

जाऊन बघते तर अण्णा पलंगावर उठून बसलेले. सोलापुरी चादर पायाशी ढकललेली, शाल खाली पडलेली, आणि मावशी माळ्यावरची दुलई हातात घेऊन उभ्या. "चौघडी मागतोय मी," अण्णा म्हणाले. "ही चादर छातीवर जड होते. दुलईत जीव घाबरतो. पंखा लावला की गार लागतं, बंद केला की उकडतं. चौघडी दे."

घरात चौघडी, म्हणजे चार पदरांचं हलकं सुती पांघरूण, नव्हती. आई गेल्यापासून तो शब्दही मी ऐकला नव्हता. मी ओढणी दुहेरी करून त्यांच्या अंगावर घातली आणि तेवढ्यावर पहाट निभावली.

आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायचो तेव्हा रात्री पांघरुणं वाटायचं काम आईचं. फळीवर तिची उतरंड ठरलेली असे. सगळ्यात खाली घोंगडी, ती पावसाळ्यात आणि गावाहून कुणी आलं तर. मग गोधड्या, मग दुलया, वर सोलापुरी चादरी आणि अगदी हाताशी चौघड्या. तान्ह्या मुलांची दुपटी वेगळ्या पिशवीत. आई अंगणात जाऊन एकदा वर बघायची आणि काय काढायचं ते ठरवायची. पुण्याची हवाच तशी आहे. एप्रिलमध्ये दुपारी पारा 40 ला टेकतो आणि पहाटे 22-23 वर येतो. झोपताना काहीच नको असतं आणि चार वाजता काहीतरी हवंच असतं. त्या "काहीतरी"चं नाव चौघडी.

दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मी रस्त्यावर गेले. एका दुकानातल्या मुलाने माझ्यासमोर "एसी ब्लँकेट" आणि "दोहर" यांचा ढीग घातला. चौघडी म्हटल्यावर तो गोंधळला, पण त्याचं वय बघता मला त्याचा राग आला नाही. राग आला तो घरी आल्यावर. शुद्ध सुती म्हणून घेतलेली दोहर अण्णांनी अर्ध्या तासात भिरकावली. पाठ घामाने ओली झाली होती. उसवून पाहिलं तर वरखाली मलमल आणि मधे चकचकीत पॉलिस्टर. आजारी माणसासाठी घेतेय असं मी तिथे दोनदा सांगितलं होतं. फार वाईट वाटलं.

दोहर ही मूळची चांगली वस्तू आहे. नाव दुहेरीवरून आलेलं, पण आता बाजारात मिळते ती बहुधा तीन पदरी असते, दोन मलमलींच्या मधे एक अस्तर आणि कडेने गोट. सोलापुरी चादरीबद्दल तर मला प्रेमच आहे. जेकार्ड मागावरची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, वर्षानुवर्षं धुतली तरी हटत नाही, 2005 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिचं सूत जाड. ब्याऐंशी वर्षांच्या छातीला ते पेलत नाही.

आपण हल्ली सगळ्यालाच चादर म्हणतो. खाली घातलेली चादर, वर घेतलेलीही चादर. मराठीत खालचं ते अंथरूण आणि वरचं ते पांघरूण, असा फरक होता. म्हणून तर आपण अंथरूण पाहून पाय पसरतो. हिंदीत तेच पाय चादर बघून पसरतात. रात्री अंधारात माणूस "पांघरूण दे" म्हणाला की काय हवंय ते निम्मं कळतं, आणि "चौघडी" म्हणाला की पुरतं कळतं.

अण्णांचं बालपण बुधवार पेठेतलं, पासोड्या विठोबाजवळचं. त्यांना पासोडी म्हणजे काय हे चांगलं ठाऊक आहे, जाडंभरडं सुती दुहेरी पांघरूण. देवळाच्या आसपास पूर्वी पासोड्या विकायला बसायचे म्हणून देवाला ते नाव. रोज तिथून जाणाऱ्या माझ्या भाच्याला ते आडनाव वाटत होतं. संतकवी दासोपंतांनी आपलं पंचीकरण हे काव्य पासोडीवर लिहिलं आणि ती आजही आंबेजोगाईत जपलेली आहे, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पांघरुणावर?" हो, पांघरुणावर.

शेवटी आईची पेटी उघडली. मऊ झालेली एक सुती साडी काढली, मोरपंखी, काठ विरलेले. मावशी म्हणाल्या, "ताई, वाकळच शिवायची ना? मी शिवते." त्यांच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. दोघी फरशीवर बसलो. मी चौघडीसाठी चार घड्या घालायला गेले आणि पहिल्याच घडीला अडले. साडी साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट. चार भाग केले तर साडेचार फूट. अण्णांचे पाय उघडे राहणार. तीन केले तर बरोबर 6 फूट.

तेव्हा मला चौघडीचा हिशेब कळला. आजीची लुगडी नऊवारी. नऊ वार म्हणजे 27 फूट, चार घड्या घातल्या की पावणेसात फूट. रुंदी पावणेचार-चार फूट. कात्री न लावता एका लुगड्यात एका माणसाचं पांघरूण. पाचवारीतून ते कसं निघणार? नऊवारी नेसणं थांबलं आणि चौघडीचं कापडच घरातून गेलं.

तीनच पदर घातले. मावशी सवयीने दाट धावदोरा घालायला लागल्या, तर अण्णा पलंगावरून म्हणाले, "पातळ घाला, पातळ." त्यांच्या आईची चौघडी फक्त कडेने आणि मधे दोन-तीन ओळींत टाचलेली असे. दाट शिवलं की पदर एकमेकांना चिकटतात. ऊब धरते ती पदरांमधली हवा, तिला जागा हवी. शिवाय धुवायला उसवता येते.

रात्री अंगावर घातली. अण्णांनी कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, एकेक पदर सरकवला. "तीनच आहेत," म्हणाले.

चौथा पदर त्यांच्याच जुन्या धोतराचा लावला. साडीच्या मापाने 6 फूट कापलं आणि आतल्या बाजूने टाचलं. आता पहाटे चारला अण्णा स्वतःच चौघडी छातीपर्यंत ओढून घेतात, मला कुणी उठवत नाही. धोतराचा उरलेला तुकडा मावशींनी मागून नेला. त्यांच्या सुनेला सातवा लागलाय, दुमडून दुपटं होईल म्हणाल्या.