तुरळक ठिकाणी वसंत

महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारी माझं एक व्रत असतं. उपास नाही, पोथी नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याचा पुढच्या तीन महिन्यांचा नकाशा त्या दिवशी येतो, तो उघडून बघायचा. तांबूस रंग म्हणजे नेहमीपेक्षा उबदार, निळा म्हणजे नेहमीपेक्षा गार. परवा दुपारी मार्चचा नकाशा उघडला. कुठं तांबडं, कुठं निळं, आणि आमच्या बफेलोवर, ईरी सरोवराच्या ह्या पूर्वेच्या टोकावर, कोरं पांढरं. पांढऱ्याचा अर्थ ‘समान शक्यता’. उबदार असण्याची तेहतीस टक्के, गार असण्याची तेहतीस, नेहमीसारखं असण्याची तेहतीस. उरलेला एक टक्का त्यांनी स्वतःसाठी ठेवला असावा.

तीन महिने पुढचं सांगायचं तर याहून जास्त प्रामाणिकपणे सांगता येत नाही, हे मला कळतं. पण खिडकीबाहेर रस्त्याकडेचा बर्फाचा ढीग काळा पडलेला, रस्त्यावर टाकलेल्या मिठानं सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या झालेल्या, आणि अशात कुणी ‘समान शक्यता’ म्हणालं की डोकं फिरतं. मी नकाशाला मोठ्यानं म्हटलं, ‘एवढं तर मलाही सांगता आलं असतं!’

म्हटलं आणि दचकलेच. हा आवाज आजोबांचा होता.

आजोबांचा ट्रान्झिस्टर चामडी कव्हरातला, कव्हराचं एक बटण तुटलेलं. जून लागला की संध्याकाळी तो घेऊन ते ओसरीच्या पायरीवर बसत. बातम्या नुसत्या कानावरून जायच्या. सरकार पडलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. शेवटी हवामान सुरू झालं की मात्र कव्हराला कान लागायचा. ‘येत्या चोवीस तासांत तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या सरी पडण्याची शक्यता आहे.’ आजोबा त्या निवेदिकेला उत्तर द्यायचे. ‘अहो बाई, तुरळक ठिकाणी म्हणजे कुठं, ते सांगा की!’ आणि मग आतल्या आजीला ऐकू जाईल असं, ‘तुरळक म्हणजे आपण सोडून.’

मी सहा-सात वर्षांची असेन. मला कित्येक दिवस वाटायचं, तुरळक हे गाव आहे. रोज तिथं पाऊस पडतो. शाळेच्या नकाशात मी ते बोटानं शोधलंसुद्धा होतं.

पुढं ते सापडलं, ते इथं. सरोवरावरून वारा येतो, पाण्याची वाफ घेतो आणि एखाद्या अरुंद पट्ट्यावर बर्फ ओतून मोकळा होतो. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्या पाच फुटांहून जास्त बर्फाखाली गेल्या आणि उत्तरेला काही इंच पडला. आम्ही उत्तरेला. आमच्या अंगणात ऊन होतं, आणि दक्षिणेकडे आकाशाला टेकलेली पांढरी भिंत. तुरळक ठिकाणी! मला त्या दिवशी आजोबांना फोन करावासा वाटला. फोन लागण्यासारखे ते राहिले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

असो, विषय वसंताचा. इथला वसंत ठरवतं ते सरोवर. पाचही महासरोवरांत ईरी सगळ्यात उथळ, सरासरी खोली एकोणीस मीटर, त्यामुळे पटकन गोठतं. आणि वारा बहुतेक नैर्ऋत्येचा. म्हणजे मार्चमध्ये सगळीकडचा उरलासुरला बर्फ तरंगत तरंगत आमच्याच कोपऱ्यात येऊन साठतो. लग्नघरात सगळ्यांच्या पिशव्या एका खोलीत टाकाव्यात तसा. त्यावरून आलेला वारा मग आम्हाला लागतो. पंधरा-वीस किलोमीटर आत गेलात तर लोक अर्ध्या बाहीचा शर्ट घालून अंगण झाडत असतात, आणि काठावर आम्ही मफलरीत. तिकडे मिशिगन सरोवराकाठच्या शिकागोच्या अंदाजात ‘सरोवराजवळ गारवा’ हे शब्द वसंतभर इतक्या वेळा येतात, की लोक ते नमस्काराच्या जागी वापरत असावेत.

माझी मुलगी इथंच जन्मली. पारा पन्नासवर गेला की ती अर्ध्या चड्डीत बाहेर पडते. पन्नास म्हणजे आपले दहा. इतकी वर्षं झाली, पण माझं गणित अजून दुभंगलेलं आहे. थंडी मला फॅरनहाइटमध्ये वाजते, उकाडा मात्र सेल्सिअसमध्येच होतो.

आणि माझा कोट. दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेला, गुडघ्याच्या खाली जाणारा, एका बाजूनं खिसा उसवलेला. मुलीच्या मते ते घरातलं चौथं माणूस आहे. तो कोट कपाटात कधी जाणार, हे नकाशावर ठरत नाही, सावली दिसली की आणखी सहा आठवडे थंडी, असं ज्याच्यावरून मानतात त्या पेनसिल्व्हेनियातल्या ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्यावर तर नाहीच (२ फेब्रुवारीला त्याला सावली दिसो न दिसो, आमच्याकडे सहा आठवडे थंडी असतेच). ते ठरतं आइस बूमवर.

हे मला शिकवलं आमच्या शेजाऱ्यांनी. ऐंशीच्या घरातले, जन्म इथला, टोपी बारमाही. सरोवरातून नायगारा नदी निघते त्या तोंडाशी पोलादी पिंपांची पावणेतीन किलोमीटर लांब माळ हिवाळ्यात पाण्यावर आडवी टाकतात, तोच आइस बूम. बर्फ नदीत सुटून खालच्या वीजकेंद्रांची तोंडं बुजवू नये म्हणून. १९६४ पासून हे चालू आहे. नियम असा, की १ एप्रिलपर्यंत बूम काढायचा, पण सरोवराच्या पूर्वभागात अडीचशे चौरस मैलांहून जास्त बर्फ उरला असेल तर थांबायचं. १९७१ मध्ये तो मे महिना उजाडला तरी पाण्यात होता. शेजाऱ्यांना ते वर्ष एखाद्या कोर्टकज्ज्यासारखं पाठ आहे. ‘बर्फ अडवून ठेवतात, म्हणून आपला वसंत लांबतो,’ हे त्यांचं ठाम मत, आणि अर्ध्या गावाचंही. अभ्यासकांनी वारंवार सांगितलंय की बूमचा हवेवर म्हणावा असा परिणाम होत नाही, बर्फ तिथं आपला आपणच साठतो. शेजारी म्हणतात, ‘अभ्यासक राहतात कुठं ते विचार.’

खरं म्हणजे उशिराचा वसंत वाईट नसतो. सरोवर गार राहतं म्हणून काठच्या द्राक्षवेली आणि फळझाडं घाईनं फुटत नाहीत, आणि एप्रिलचं हिंव त्यांना गाठत नाही. २०१२ साली मार्चमध्येच उन्हाळा आला. शिकागोत आठ दिवस ऐंशीच्या वर पारा. आम्हीही खिडक्या उघडल्या, कोट कपाटात गेला, मी मोगऱ्याची कुंडी बाहेर ठेवली. झाडं फसली, फुलली. मग एप्रिलमध्ये गोठवणाऱ्या रात्री आल्या आणि मिशिगनमधलं आंबट चेरीचं जवळजवळ सगळं पीक गेलं. मोगराही गेला. तेव्हापासून कोट बूमच्या आधी हलत नाही.

हे सगळं ठीक होतं, २०२४ च्या हिवाळ्यापर्यंत. एरवी ऐन थंडीत पाचही सरोवरांचा मिळून निम्म्याहून थोडा जास्त पृष्ठभाग गोठतो. त्या वर्षी ११ फेब्रुवारीला मोजला तर २.७ टक्के. मी काठावर फिरायला गेले तेव्हा शेजारी रेलिंगला टेकून उभे होते. समोर नुसतं करडं पाणी, लाटा येत होत्या. त्या महिन्यात लाटांचा आवाज आम्हाला माहीतच नव्हता. मी गमतीनं म्हटलं, ‘यंदा काय, वसंत लवकर!’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. ‘अडवायला काही नाहीच,’ म्हणाले. त्या वर्षी त्यांनी बूमचं नाव काढलं नाही. हवा छान होती आणि कुणाशी बोलायला विषय नव्हता.

परवा नकाशा बंद करून मी चहा टाकला तेवढ्यात दार वाजलं. शेजारी होते. नाक लाल, टोपीवर भुरभुर. आत यायच्या आधीच सुरू झाले, सरोवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च आहे, आत्ताच बघून आलो, ते लोक एप्रिलअखेरपर्यंत काही बूम काढत नाहीत, सगळा वीजवाल्यांचा कारभार.

‘समान शक्यता आहे,’ मी म्हटलं.

‘कुणी सांगितलं?’

‘हवामान खात्यानं.’

‘त्यांना काय कळतंय!’ म्हणाले, आणि खुंटीवर जागा नव्हती म्हणून स्वतःचा कोट माझ्या कोटावरच अडकवला.