कार्डोसोचा पहिला थ्री

१० मार्च २०२४, ग्रीनव्हिल, साउथ कॅरोलायना

संध्याकाळपासून सगळीकडे एकच दृश्य फिरतंय. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या कामिला कार्डोसोनं एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) फ्लॉजे जॉन्सनला ढकललं, ती कोर्टावर पडली आणि प्रेक्षकांतून एकजण थेट आत उतरला. एसईसी या विद्यापीठांच्या गटाच्या महिला बास्केटबॉल स्पर्धेची फायनल, दोन मिनिटं आठ सेकंद शिल्लक. आम्ही तिथंच होतो. ढकलणं चुकीचंच होतं. तिला बाहेर काढलं ते योग्य, आणि बाकावरून आत धावलेल्या दोन्हीकडच्या मुलींना काढलं तेही योग्य. साउथ कॅरोलायनाच्या कोच डॉन स्टेली यांनी संघातर्फे माफी मागितली, कार्डोसोनंही मागितली. मला मात्र लिहायचंय ते कालच्या उपांत्य सामन्याबद्दल. कारण उद्यापर्यंत तो सगळे विसरलेले असतील.

काल समोर टेनेसी. कोच पॅट समिट यांनी घडवलेलं, आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेलं विद्यापीठ. साउथ कॅरोलायना या मोसमात एकही सामना हरलेली नाही. चौदा विद्यापीठांच्या या स्पर्धेचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत थेट जातो, पण यांची तिथली जागा केव्हाच पक्की होती. धाकधूक होती ती अपराजित राहण्याची. तेवीस गुणांची आघाडी होती, ती टेनेसीनं एकेक बास्केट करत खाऊन टाकली. ७३-७१, टेनेसी पुढे. एक पूर्णांक एक दशांश सेकंद शिल्लक.

बॉल कार्डोसोकडे आला, तोही तीन गुणांच्या रेषेच्या बाहेर, जिथून मारलेल्या बास्केटला थ्री म्हणतात. सहा फूट सात इंच उंचीची मुलगी. लेक माझा दंड धरून ओरडली, "आई, अगं तिनं कधीच थ्री मारलेला नाहीये!" कार्डोसो वळली आणि बॉल फेकला. बझर वाजला, बोर्डाभोवतीचे लाल दिवे लागले, बॉल बोर्डाला लागून आत. ७४-७३. कॉलेजच्या चार वर्षांतला तिचा पहिला थ्री.

मी माझ्या कॉलेजच्या संघात होते. उंच म्हणून पहिल्या दिवसापासून रिंगखाली. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, घ्यायचा आणि बाहेर गार्डला द्यायचा, एवढंच काम. लांबून मारायचा सराव चालायचा तेव्हा आम्ही दोघी-तिघी उंच मुली खाली उभ्या राहून त्यांचे बॉल परत करायचो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात एकदा मी बाहेरून मारायला गेले तर सर बाकावरून गरजले, "तू आत जा!" त्यामुळे काल तो बॉल तिच्या हातून सुटला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. कुणालाही वाटलं नव्हतं की ती मारेल. टेनेसीच्या मुलींना तर नाहीच, म्हणून तर तिला तेवढी जागा मिळाली. तिनं स्वतः मात्र क्षणभरही मागेपुढे पाहिलं नाही.

पंधराव्या वर्षी ब्राझीलमधलं घर सोडून कार्डोसो अमेरिकेत आली, शाळेत शिकली ती टेनेसी राज्यातच. कॉलेजचं पहिलं वर्ष सिरॅक्यूज विद्यापीठात, मग साउथ कॅरोलायनात. आई तिकडेच. माझी लेक पंधराची आहे. हिला एकटीला परक्या देशात, परक्या भाषेत सोडायचं म्हटलं तर मला झोप लागणार नाही.

फायनल जिंकली ७९-७२, तीही गेल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या एलएसयूविरुद्ध. पहिल्या वर्षाच्या मिलेशिया फुलवायलीनं बाकावरून येऊन चोवीस गुण केले. काय पोरगी आहे! तिच्यावर एकदा सावकाश लिहायला हवं.

नियमाप्रमाणे कार्डोसो राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना बाहेर बसेल. तो साउथ कॅरोलायनाच्या घरच्या मैदानावर, कोलंबिया शहरात होईल, इथून गाडीनं दीड-पावणेदोन तास. तो जिंकायला अवघड जाऊ नये. लेकीला सांगितलंय, तिकिटं काढायची ती दुसऱ्या सामन्याची.