टू-टूचं रिव्हॉल्व्हर: टेक्सासमधला माझा अनुभव

फॉर्म भरून दहा मिनिटं झाली असतील. सरकारी तपासणीचं उत्तर बघून दुकानदारानं स्क्रीनवरून मान वर केली आणि म्हणाला, "डिलेड." नकार नाही, होकारही नाही, नुसतं थांबायचं. मला हवं होतं .२२ कॅलिबरचं, म्हणजे बोलीत 'टू-टू'चं, साधं सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, आणि त्यासाठी मी आधीच नऊ वर्षं थांबलो होतो.

एच-वन व्हिसावर असताना एरवी बंदूक विकत घेता येत नाही. शिकारीचा परवाना काढला तर चालतं, असे काही अपवाद आहेत, पण मला त्या वाटेनं जायचं नव्हतं. ग्रीन कार्ड हातात आल्यावरच दुकानाची पायरी चढलो.

पहिल्या खेपेला तसाच परत आलो. घर बदललं होतं आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर पत्ता जुना होता. दुसऱ्यांदा नव्या पत्त्याचं लायसन्स नेलं, मग बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म पुढे आला. त्यात नाव पूर्ण लागतं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, त्यामुळे सगळे कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवलं. ग्रीन कार्डावरचा नंबरही लिहावा लागतो. गांजाविषयीचा प्रश्न नीट वाचा. राज्यात त्याला परवानगी असली तरी या फॉर्मपुरता केंद्राचा कायदा धरतात. नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनकडून वेगळी तपासणी होते, त्यामुळे उत्तराला उशीर लागू शकतो. कामकाजाचे तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही, तर दुकानदाराला माल द्यायची मुभा असते, सक्ती नसते. माझं उत्तर चौथ्या दिवशी आलं: "प्रोसीड," म्हणजे विकायला हरकत नाही.

घेतलं रुगर कंपनीचं रँग्लर. २०१९ मध्ये बाजारात आलेलं, सहा गोळ्यांचं, वजनाला साधारण ८५० ग्रॅम. मॉडेल ठरवताना मी एकच गोष्ट बघितली, ट्रान्सफर बार. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची (मागच्या हातोडीची) टोकदार पिन थेट काडतुसावर टेकायची, म्हणून जाणती माणसं सहाऐवजी पाचच गोळ्या भरून घोडा गोळीच्या रिकाम्या घरावर ठेवत. रुगरनं १९७३ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये मधे एक पट्टी घातली. चाप पूर्ण ओढलेला असेल तरच ती वर राहते आणि घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून मला ही पट्टी हवीच होती. शिवाय रिव्हॉल्व्हर कुलपाच्या पेटीत, गोळ्या दुसऱ्या खोलीत. हे बायकोशी खरेदीआधीच ठरलं होतं.

नेमबाजीच्या रेंजवर शिकवायला सत्तरीतले एक गृहस्थ मिळाले. त्यांनी आधी एकही गोळी न देता भरायचं-काढायचं शिकवलं. नळी समोर, बोट चापाबाहेर, घोडा खाली, बाजूची छोटी झडप उघडायची की गोळ्यांची घरं असलेला सिलिंडर मोकळा फिरतो. एक गोळी, एक घर पुढे, पुन्हा एक गोळी. झाडल्यावर रिकामी पुंगळीही दांडीनं ढकलून एकेक करूनच काढायची. प्रत्येक गोळी झाडण्याआधी घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो. चाप तेव्हा फक्त घोडा सोडतो, म्हणून याला सिंगल-अ‍ॅक्शन म्हणतात. पन्नास गोळ्यांचा डबा संपायला मला जवळपास तास लागतो. शिकणाऱ्याला हा संथपणा फार उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे. पुढची गोळी झाडण्याआधी मागची कुठे लागली हे बघायला वेळ मिळतो.

माझ्या गोळ्या सात यार्डांवरून खाली डावीकडे जात होत्या. मला वाटलं नेम धरायची साइट वाकडी आहे. गुरुजी (मी त्यांना मनात हेच म्हणतो) काही बोलले नाहीत. त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, पाठ करून तीन घरांत गोळ्या आणि तीन घरांत झाडलेल्या पुंगळ्या भरल्या, सिलिंडर फिरवून माझ्या हातात दिलं. दुसऱ्याच वेळी नुसतं 'टक्' वाजलं आणि नळीचं टोक बोटभर खाली गेलेलं मला स्वच्छ दिसलं. धक्का बसलाच नव्हता, तरी माझा हात त्याला आधीच उत्तर देऊन मोकळा झाला होता. टू-टूला धक्का असतो तो किती! पुढचे तीन शनिवार मी हेच केलं. रिकाम्या पुंगळीवरही नळी हलेनाशी झाली, तेव्हा गोळ्या आपोआप मधे यायला लागल्या.

काही गोष्टी कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण उडतात, आधाराचा हात तिथे न्यायचा नाही. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर नळी समोर धरून तीस सेकंद थांबायचं. टू-टूच्या गोळ्या बहुधा उघड्या शिशाच्या असतात, म्हणून रेंजवरून आल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय मी मुलीला उचलत नाही.

मी कोल्हापूरचा. तिथल्याच नेमबाज राही सरनोबतनं २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते याच टू-टूच्या गोळीवर. तिचं पिस्तूल वेगळं, तिची मेहनत तर वेगळीच. पण बाबांनी फोनवर "कशाला घेतलंस रे हे?" विचारलं, तेव्हा मी त्यांना आधी राहीची आठवण करून दिली, मग माझ्या शेवटच्या टार्गेटचा फोटो पाठवला. दहा यार्ड, सहा भोकं, सगळी बशीएवढ्या जागेत. त्यांनी फोटो मोठा करून बघितला असावा. थोड्या वेळानं विचारलं, "सहावं जरा बाहेर गेलंय, ते का?"