ओढत नाय, वळते

"बिडी ओढता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"ओढत नाय, वळते. तीस वर्षं झाली," शेजारच्या मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी मात्र तिथंच अडकलो.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत दर दुसऱ्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेतलेली बाई दिसते. तंबाखूचा भुगा, तेंदूचं पान, दोरा. दिवसाला हजार बिड्या. तो वास इतका अंगवळणी पडलाय, की त्यातली धूळ छातीत जाते हे कधी डोक्यातच आलं नाही.

मग नळीत फुंकायची तपासणी. "जोरात! अजून, अजून, थांबू नका!" निदान सहा सेकंद फुंकायचं असतं. मावशींना तिसऱ्याच सेकंदाला ढास लागली.

श्वासातून औषध ओढायचा पंप मिळाला, तो लगेच पदराआड गेला. "सवय लागती म्हणत्यात. गोळीच बरी."

अहो, साल्ब्युटामॉल म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध. त्याच्या पंपाच्या एका दाबात औषध 100 मायक्रोग्रॅम, गोळीत 4 मिलिग्रॅम. चाळीसपट! पंपाचं थेट श्वासनळीत जातं, गोळीचं अंगभर फिरतं, मग हात थरथरतात. रिक्षात बसून हे सगळं सांगितलं.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उद्या कारखान्यात माल द्यायचाय. आज रात्री वळू का नको?"