रॉड निर्दोष निघाला

"रॉड गेलाय, नवा आण." डिसेंबरात गावी पोचलो आणि पिशवी खाली ठेवायच्या आत आईचं फर्मान आलं. पूर्वी वीस मिनिटांत तापणारी बादली आता अर्धा तास खाते, ही तक्रार. गल्लीतल्या वायरमननं रॉड न बघताच दुजोरा दिला होता. रॉडवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलेला, तोही पुरावा म्हणून मला दाखवण्यात आला. त्या थरानं रॉड आतून जास्त तापतो आणि लवकर मरतो हे खरं, पण त्यानं वॅट कमी होत नाहीत. म्हटलं, आधी मोजू, मग दुकानात जाऊ.

रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट असं छापलेलं. वॅट भागिले व्होल्ट, म्हणजे साडेसहा अँपिअर. व्होल्ट भागिले अँपिअर, म्हणजे रोध सुमारे ३५.३ ओहम. नववीत हे पाठ केलं होतं, पण तेव्हा आकडे पुस्तकातले होते आणि उत्तर मागच्या पानावर असायचं.

मल्टीमीटरनं थेट ओहम मोजता आले असते, पण त्या बाबतीत मी एकदा तोंडघशी पडलोय. माळ्यावरचा जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब मोजला होता, तर ३८ ओहम. हिशोबानं तो चौदाशे वॅटचा निघाला! बल्बची तार पेटल्यावर तिचा रोध ५२९ ओहमच्या आसपास जातो. मी मोजली होती ती थंड तार. रॉडमधल्या नायक्रोमचा, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा वाढत नाही, तरीही चालू असतानाच मोजायचं ठरवलं.

क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून अँपिअर मोजणारा मीटर, नवाच घेतला होता. रॉड बादलीत सोडला, बटण दाबलं, वायरीभोवती क्लॅम्पचा जबडा लावला. शून्य. पुन्हा लावला. शून्य. पाण्यातून बुडबुडे यायला लागले तरी शून्यच. दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्या घालून झाल्यावर डोक्यात उजेड पडला: जबड्यात मी अख्खी वायर धरली होती. फेजमधून जाणारी आणि न्यूट्रलमधून परत येणारी धारा एकमेकींना खोडून काढतात, मीटर बिचारं काय दाखवणार? एका वाढीव तुकड्याचं फक्त वरचं आवरण सोललं, आतल्या वायरींचं इन्सुलेशन शाबूत ठेवलं आणि बटण बंद असताना एकटी फेजची वायर जबड्यात घेतली. चालू केलं. ५.६ अँपिअर. शेवटचा आकडा जरा नाचत होता, पण तेवढं चालायचंच.

आता व्होल्टेज. आमचं न्हाणीघर परसात, तिथं स्वयंपाकघरातून १५ मीटरची एक्स्टेन्शन जाते. तिच्या टोकाला दोन सॉकेट. एकात रॉड, दुसऱ्यात मीटरच्या पिना: १९८ व्होल्ट. सकाळचे सात वाजलेले, घरोघरी रॉड आणि गिझर लागलेले. १९८ भागिले ५.६, म्हणजे ३५.४ ओहम. रॉड जसा दुकानातून आला तसाच ठणठणीत! पण १९८ गुणिले ५.६ केलं तर ११०९ वॅट. दीड हजारातले जवळजवळ चारशे गायब. व्होल्टेज चौदा टक्के पडलं की अँपिअरही तेवढेच पडतात आणि वॅटला दोन्हीकडून मार बसतो.

मग स्वयंपाकघरातल्या बोर्डावर मोजलं, रॉड चालू ठेवूनच. तिथं २०८. म्हणजे दहा व्होल्ट नुसत्या एक्स्टेन्शननं खाल्ले. दहा भागिले ५.६, १.८ ओहम. वायरीवर ०.५ स्क्वेअर एमएम छापलं होतं. तेवढ्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला ३९ ओहमच्या आसपास. जायचे १५ आणि यायचे १५ असे ३० मीटर धरले तर १.१७ ओहम. उरलेले ०.६ कुठून आले?

बटण बंद करून बोर्डाकडच्या प्लगला हात लावला आणि पटकन मागे घेतला. एक पिन तपकिरी पडलेली, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक मऊ झालेलं. उघडून बघतो तर स्क्रू ढिला, वायरीच्या सोळा धाग्यांतल्या मोजक्या चार धाग्यांनीच काय तो संसार चालवलेला. ५.६ चा वर्ग गुणिले ०.६, जवळजवळ १९ वॅट. माझी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची आहे. म्हणजे रोज सकाळी अर्धा तास, तेलाच्या कॅनशेजारच्या त्या प्लगात जवळपास एक सोल्डरिंग आयर्न तापत होती. हे बघून मात्र माझी मस्करी थांबली.

तालुक्याहून २.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि १६ अँपिअरचे प्लग-सॉकेट आणले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी रॉडजवळ २०५.५ व्होल्ट, ५.८ अँपिअर, ११९२ वॅट. प्लग गार. आई घड्याळ घेऊनच उभी होती.

"किती मिनिटं वाचली?"

"दोनेक."

"आणि वायरीला किती घातलेस?"

तो आकडा मी सांगितला नाही. पाचला उठून बोर्डावर मीटर लावलं, तर २२३ व्होल्ट. गाव अजून झोपलेलं. त्या वेळी बादली एकवीस मिनिटांत निघाली. आई तशीही पाचलाच उठते. आता पहिली बादली तेव्हाच लागते आणि सातला उठणाऱ्याला, म्हणजे मला, थोडं थांबावं लागतं.