शब्द एकाचे, चाल भलत्याचीच

कीबोर्डवर फक्त काळ्या पट्ट्या वाजवत बसायचं हा माझा जुना रिकामटेकडा उद्योग आहे. चुकायची भीतीच नसते, बोट कुठेही पडलं तरी बरंच वाटतं. असंच एकदा काळी तीनचा सा धरून खालच्या पंचमापासून प सा ग सा ग रे सा ध प असं काहीतरी वाजलं आणि मी थबकलोच, कारण हे तर अमेझिंग ग्रेस, चर्चमधलं ते प्रसिद्ध इंग्रजी भक्तिगीत! अख्खं गाणं पाच काळ्या पट्ट्यांत बसतं, एकही पांढरी लागत नाही. सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर की. भूप नाहीये अर्थात, चलन वेगळं, पण कान थोडा वेळ फसतो.

मग मी नेहमीप्रमाणे शोधत बसलो की ही चाल लिहिली कोणी. एवढं जगभर गाजलेलं गाणं म्हटल्यावर कोणीतरी एक माणूस असेल, एका रात्री बसून त्याने लिहिलं असेल, असं आपण धरूनच चालतो ना. तर तसं काही नाहीच.

शब्द जॉन न्यूटनचे. हा इंग्लंडमधला माणूस, गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरचा. याची गोष्ट सगळीकडे अशी सांगतात की 1748 मध्ये समुद्रात भयंकर वादळ आलं, त्याने देवाचा धावा केला, जहाज वाचलं, माणूस बदलला आणि त्याने हे गाणं लिहिलं. छान आहे गोष्ट, फक्त मधली वर्षं कोणीतरी गुपचूप कापून टाकलीत. वादळानंतरही हा गडी गुलामांचाच धंदा करत होता, उलट नंतर तो अशा जहाजांचा कप्तान झाला, आणि 1754 मध्ये तब्येत बिघडली म्हणून त्याचं समुद्रावर जाणं थांबलं. पुढे ऑल्नी नावाच्या छोट्या गावात धर्मगुरू झाला, तिथे 1773 च्या नवीन वर्षाच्या प्रवचनासाठी हे स्तोत्र लिहिलं. गुलामगिरीविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं ते तर थेट 1788 मध्ये! म्हणजे वादळापासून चाळीस वर्षं. मला ही हळू, लाजिरवाणी, अडखळत झालेली सुधारणा त्या एका रात्रीच्या चमत्कारापेक्षा जास्त खरी वाटते, माणसं अशीच बदलतात, बदलली तर.

आणि चाल? ती अमेरिकेतली. 1829 च्या एका गाण्यांच्या पुस्तकात ती छापलेली सापडते, पण वेगळ्याच शब्दांना लावलेली. न्यूटनचे शब्द आणि ही चाल एकत्र आणली विल्यम वॉकर नावाच्या गाणं शिकवणाऱ्या माणसाने, 1835 मध्ये. न्यूटन वारला 1807 ला. म्हणजे आज ज्या सुरावटीत जग त्याचे शब्द गातं, त्या सुरावटीत ते त्याने स्वतः कधी ऐकलेच नाहीत. हे वाचल्यावर मी कीबोर्ड बंद करून जरा वेळ नुसताच बसून होतो.

(चर्चमधल्या अशा गाण्याला इंग्रजीत हिम म्हणतात, पण हिम असं देवनागरीत लिहिलं की मला बर्फच आठवतो, म्हणून मी आपला स्तोत्र म्हणतोय.)

पण हे असं जुळतं कसं, कोणाचेही शब्द कोणाच्याही चालीला? तर त्यांच्याकडे चक्क पत्रिका जुळवायची सोय होती. स्तोत्राच्या ओळींतली अक्षरं मोजायची, आठ-सहा-आठ-सहा. हा त्यांचा सगळ्यात कॉमन साचा, त्याचं नावच कॉमन मीटर. बऱ्याच जुन्या पुस्तकांत नुसते शब्द असायचे, चाली वेगळ्या पुस्तकात, आणि चालींना स्वतःची वेगळी नावं, बऱ्याचदा गावांची. अमेझिंग ग्रेसच्या चालीचं नाव न्यू ब्रिटन. आठ-सहावाले शब्द असले की आठ-सहावाली कुठलीही चाल उचला आणि गा. अजूनही स्तोत्रांच्या पुस्तकांत मागे या मापांची सूची असते. खोटं वाटत असेल तर अमेझिंग ग्रेसचे शब्द हाउस ऑफ द रायझिंग सनच्या चालीत म्हणून बघा. बसतात, अगदी फिट्ट बसतात, फक्त त्या शांत गाण्याचं एकदम रात्री दोन वाजताचं गाणं होतं.

मुळात असे नवीन शब्द लिहायलाच इंग्लंडमध्ये बराच काळ लोक बिचकत होते. जर्मनीत प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरने 1524 पासूनच लोकांच्या भाषेतली स्तोत्रं छापायला लावली (ल्यूथरने दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलल्या ही गोष्ट फार फिरते, पण ती बार फॉर्म या शब्दाच्या घोळातून आली असावी म्हणतात, हे नाव गाण्याच्या रचनेचं आहे, त्याचा पिण्याच्या बारशी काहीही संबंध नाही). पण कॅल्व्हिन या दुसऱ्या धर्मसुधारकाच्या वळणाचे लोक म्हणायचे की देवापुढे गायचं ते बायबलातलंच, माणसाने स्वतःचं काही जोडू नये. मग बायबलातली तीच दीडशे स्तोत्रं यमकात बसवून गायची, आणि पुस्तकं नाहीत किंवा वाचता येत नाही म्हणून पुढचा एक जण ओळ म्हणणार, मग सगळे ती ओळ ओढत ओढत गाणार, मग पुढची ओळ. आयझॅक वॉट्स नावाच्या तरुणाला हे भयंकर रटाळ वाटायचं. त्याने वडिलांकडे कुरकुर केली, तर वडील म्हणाले, मग तू लिही की यापेक्षा चांगलं. असं सांगतात बुवा. 1707 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्यानंतर इंग्लिश स्तोत्रांचा जो पाट सुटला तो सुटलाच. बापाला उलट उत्तर देणाऱ्या पोरांकडून एवढं काम क्वचितच होतं.

पाट म्हणजे किती, तर नंतरच्या चार्ल्स वेस्लीने एकट्याने सहा हजारांवर स्तोत्रं लिहिली. त्याचं ख्रिसमसचं हार्क द हेराल्ड एंजल्स सिंग हे तर कोणाच्याच मर्जीने न झालेलं लग्न आहे. वेस्लीने 1739 मध्ये लिहिली ती पहिली ओळ वेगळीच होती, तीत आकाशासाठी वेल्किन असा जुनाट शब्द होता. त्याचा मित्र व्हाइटफील्डने 1753 मध्ये ती बदलून आजची ओळ केली. पुढे चार्ल्सच्या भावाने, जॉन वेस्लीने, आपल्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहूनच टाकलं की आमची गाणी छापायची तर खुशाल छापा पण कृपा करून दुरुस्त करू नका, तुम्हाला ते जमणारं नाही. ऐकलं कोणी? नाही. आणि चाल मेंडेल्सोनची, ती त्याने 1840 मध्ये लिहिली छापखान्याच्या, म्हणजे गुटेनबर्गच्या चारशे वर्षांच्या सोहळ्यासाठी! या चालीला दुसरे शब्द शोधायला त्याची हरकत नव्हती, उलट लोकांना आवडेल म्हणाला, पण धार्मिक शब्द हिला चालायचे नाहीत असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं होतं. तो 1847 मध्ये गेला, आणि 1855 मध्ये कमिंग्ज नावाच्या एका ऑर्गनवाल्याने नेमके धार्मिकच शब्द तिला लावले. आता ती चाल छापखान्याची आहे हे सांगितलं तर लोक तुमच्याकडेच संशयाने बघतील.

मला स्वतःला सगळ्यात आवडतात ते वॉकरच्या वळणाचे अमेरिकेच्या दक्षिणेतले गाणारे. त्यांचं नोटेशन चार आकारांचं: त्रिकोण म्हणजे फा, गोल म्हणजे सोल, चौकोन ला, शंकरपाळा मी. गायला बसतात ते चौकात, चारी बाजूंनी आत तोंड करून, समोर श्रोते नाहीतच, गायचं ते एकमेकांसाठी. आणि कुठलंही गाणं आधी नुसत्या फा सोल ला वर गातात, मग शब्द. आपण आधी सरगम घोटून घेतो आणि मग बंदिशीचे शब्द घेतो तसंच. गळा तयार हवा वगैरे काही अट नाही, मोठ्याने गायचं एवढंच. रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं तर भांडण चाललंय असं वाटतं, दुसऱ्यांदा ऐकलं तर सोडवत नाही.

गॉस्पेल साँग्ज हा नंतरचा प्रकार, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर फोफावलेला, मोठाल्या सभा, सोपी चाल, ध्रुवपद असं की दुसऱ्या फेरीला हॉल गायला लागलाच पाहिजे. यात कधीकधी चाल आधी यायची. फॅनी क्रॉस्बी ही लहानपणापासून आंधळी असलेली बाई, आठ हजारांच्या वर गाणी लिहिली तिने, इतकी की एकच नाव पुस्तकभर दिसू नये म्हणून ढिगाने टोपणनावं घ्यावी लागली. 1873 मध्ये तिच्या मैत्रिणीने तिला एक चाल वाजवून दाखवली आणि विचारलं, ही काय म्हणते गं? त्यातून ब्लेसेड ॲश्युरन्स आलं. सिनेमावाले काय वेगळं करतात.

गुलामांच्या स्पिरिच्युअल्सना, म्हणजे त्यांच्या भक्तिगीतांना तर बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचं नावच नाही. 1871 मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क युनिव्हर्सिटीची काही मुलं पैसे संपत आलेल्या कॉलेजसाठी गात बाहेर पडली, तेव्हा कुठे ती गाणी दूरवर ऐकू गेली.

आणि गॉस्पेलचा आजचा अर्थ, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं ब्लूजच्या वळणाचं गाणं, ज्याच्यामुळे रूढ झाला तो थॉमस डॉर्सी (बँडवाला टॉमी डॉर्सी तो वेगळा, तो गोरा). हा आधी ब्लूजचा पियानोवाला, जॉर्जिया टॉम नावाने चावट गाणी वाजवायचा, मग चर्चकडे वळला तर चर्चवाले म्हणाले हे असलं नको आमच्याकडे. ऑगस्ट 1932 मध्ये तो सेंट लुईसला कार्यक्रमाला गेला होता. तिथे तार आली, शिकागोत बायको बाळंतपणात गेली. तो पोचला, बाळ जन्माला आलं होतं, तेही गेलं. काही दिवसांनी तो पियानोपाशी बसला आणि टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड झालं. शेकडो गाणी रचलेला हा माणूस, चाली बांधणं हेच पोट भरायचं काम, पण त्या दिवशी बोटं गेली ती एकोणिसाव्या शतकातल्या मेटलंड नावाच्या एका जुन्या स्तोत्रचालीवर. शब्द तेवढे त्याचे. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीला महालिया जॅक्सनने ते गायलं, आणि आता मेटलंड वाजवली की ऐकणारा म्हणतो, अरे हे तर डॉर्सीचं.